रान विकायचं की ठेवायचं, हे ठरतं कुठे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात कोकणातल्या खाजगी जंगलतोडीवर पानभर मजकूर आला. फोटो पण होता, आयशरमध्ये ठासून भरलेली ऐन-किंजळाची लाकडं आणि मागे बोडका डोंगर. त्यात दोषी दोनच दाखवलेत, एक वनखातं आणि दुसरे 'पैशाच्या मागे लागलेले जमीनमालक'. मी त्या दुसऱ्यांतला एक आहे, संगमेश्वर तालुक्यातला, २०१६ साली आमच्या घराने अडीच एकर रान दिलंय, म्हणून राहवेना आणि लिहायला बसलो. पत्र जरा लांबेल, काटछाट तुम्ही करालच, पण मधला हिशोब तेवढा ठेवा.

हिशोब असा. ठेकेदाराने अडीच एकराचे ४५ हजार दिले. सातबाऱ्यावर नावं १७, त्यातली चार वारलेली, वारस नोंद अजून व्हायचीय. सरळ भागाकार केला तर माणशी २,६४७ रुपये. मुंबईहून गणपतीला येऊन-जाऊन एका कुटुंबाचा याहून जास्त खर्च होतो. तेवढ्यासाठी आजोबांच्या वेळेपासूनचं रान गेलं, ते पण तीन दिवसांत, कटरने. मग सांगा यात पैशाचा लोभ कुठे होता? लोभच असता तर आम्ही निदान भाव तरी केला असता.

झालं काय ते सांगतो, कारण थोड्याफार फरकाने आजूबाजूच्या बऱ्याच वाड्यांत असंच होतं. ठेकेदार आमच्याकडे स्वतः आलाच नाही. आमच्याच वाडीतला एक पोरगा, लहानपणापासून माझ्या घरी चहा पिऊन गेलेला, तो आला. म्हणाला काका, खालच्या वाडीने दिलं, शेजारच्या भावकीने दिलं, जेसीबीने रस्ता तुमच्या हद्दीपर्यंत आणलाय, आता दिलंत तर लाकूड निघेल, पुढच्या वर्षी रस्ता बुजला की कुत्रं पण विचारणार नाही. मग त्याने मुंबईला चुलतभावाला फोन लावला, चुलतभावाने ग्रुपवर टाकलं, 'सगळ्यांनी दिलंय, आपलंच राहिलंय'. गौरी विसर्जनाच्या रात्री ओटीवर बसलो, पत्ते चालले होते, भजनी मंडळ यायचं होतं, विषय निघाला आणि वीस मिनिटांत संपला. कोणी 'नको' म्हणालं नाही. माझ्या मनात होतं, पण मी पण गप्प राहिलो, कारण नको म्हटलं की 'तू एकटा गावात राहतोस, तुला सगळं खायचंय' हे ऐकावं लागतं. ज्यांची घरं अशी सामायिक आहेत त्यांना हे वाक्य समजावून सांगायला नको.

विळीवर नारळ फोडत बसलेली माझी चुलती तेवढी आतून बोलली, "आन् राबाला कवळ कुठनं आणायचा मंग?" (भाताच्या रोपांसाठी जमीन भाजतात तो राब, त्याला लागणारा पाला-फांद्या म्हणजे कवळ.) तिला कोणी उत्तर दिलं नाही. सातबाऱ्यावर तिचंही नाव आहे बरं का.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की रान ठेवायचं की विकायचं हा निर्णय मालक एकटा बसून घेत नाही, तो भावकीत, वाडीत, मुंबईच्या मंडळात आणि आता व्हॉट्सॲपवर होतो, आणि तिथे पहिला कोण पोचतो यावर सगळं आहे. ठेकेदाराला हे कळलंय. त्याच्याकडे प्रत्येक वाडीत एक माणूस आहे, कोणाच्या पोरीचं लग्न ठरलंय, कोणाचं छप्पर गळतंय, कोणाचे भावाशी वाद आहेत, सगळी खबर त्याला असते, आणि तो जून महिन्यात, शाळेच्या फिया भरायच्या वेळी, हातउचल देऊन ठेवतो. एकदा उचल घेतली की मग ऑक्टोबरात नाही म्हणायला तोंड राहत नाही. वनखात्याकडे काय आहे? बोर्ड. 'वृक्ष तोडू नका'. पर्यावरणवाल्यांकडे काय आहे? आमच्यासारख्यांना न कळणारी प्रेझेंटेशनं, आणि ती पण ते एका मालकाला दाखवतात, बाकी सोळा जण नालासोपारा नि दिव्यात असतात.

आणि ही काय छोटी गोष्ट नाही. रत्नागिरी जिल्ह्याचं क्षेत्रफळ ८,२०८ चौरस किलोमीटर, फॉरेस्ट सर्व्हेच्या अहवालात त्यातला निम्म्याच्या आसपास भाग झाडाखाली दिसतो, पण सरकारी जंगल अगदी नगण्य. म्हणजे ज्या हिरव्या कोकणाचे तुम्ही पावसाळ्यात रंगीत फोटो छापता ते बहुतेक सगळं कोणाच्या ना कोणाच्या सातबाऱ्यावर आहे. विदर्भात जंगल म्हणजे सरकारचं, इथे तसं नाही.

आता अफवांचं सांगतो, कारण माझ्या मते पैशापेक्षा जास्त रान अफवेने गेलंय. आमच्याकडे म्हाताऱ्यांपासून एक वाक्य चालत आलंय, 'झाडं ठेवलीस तर फॉरेस्ट लागेल'. हे हवेतून आलेलं नाही. १९७५ चा खाजगी वन संपादन कायदा, ३० ऑगस्टपासून लागू झाला, आणि कितीतरी लोकांच्या जमिनी कागदावर रातोरात वन झाल्या, काहींना तर जुन्या नोटिशींच्या जोरावर, ज्या त्यांच्या घरी कधी पोचल्याच नव्हत्या. तेव्हापासून जो शिकला तो हेच शिकला की डोंगर बोडका ठेवलेला बरा, निदान आपला राहतो. पुढे ३० जानेवारी २०१४ ला सुप्रीम कोर्टाने गोदरेजच्या केसमध्ये निकाल दिला की नुसती नोटीस काढून ठेवली आणि मालकाला बजावलीच नाही तर तेवढ्यावरून जमीन खाजगी वन ठरत नाही. हा निकाल आमच्या एका तरी ग्रुपवर फॉरवर्ड झाला का? नाही. भीती फॉरवर्ड होते, निकाल होत नाही.

तसंच २०२४ ला. ३१ जुलैला पश्चिम घाटाच्या इको सेन्सिटिव्ह एरियाचा (निसर्ग जपायला काही कामांवर बंदी घालायच्या भागाचा) मसुदा परत एकदा निघाला, सहा राज्यं मिळून ५६,८२५ चौरस किलोमीटर, त्यात महाराष्ट्राचे १७,३४०. आणि लगेच आठवड्याभरात बातमी की परवानगीशिवाय झाड तोडलं तर दंड एक हजारावरून ५० हजार करायचं मंत्रिमंडळाने ठरवलं. (त्याचं पुढे काय झालं तो वेगळा विषय.) महिन्यावर गणपती. तुम्हाला सांगतो, त्या महिन्यात आमच्या पंचक्रोशीत कटरचे आवाज जेवढे ऐकले तेवढे ऐन हंगामात ऐकले नव्हते, आणि तेही भर पावसात, जेव्हा गाडी रानात जात पण नाही. तोडून ठेवा, नंतर नेऊ. ग्रुपवर मेसेज फिरत होता की आता स्वतःच्या आंब्याची फांदी पण छाटता येणार नाही, घर बांधायला दिल्लीची परमिशन लागणार. मसुद्यात खरं काय होतं? खाणी, दगडखाणी, वाळूउपसा बंद, नवीन औष्णिक प्रकल्प नाही, रेड कॅटेगरीचे, म्हणजे जास्त प्रदूषण करणारे कारखाने नाहीत, २० हजार चौरस मीटरच्या वरची बांधकामं नाहीत. आमचं घर जेमतेम आठशे फूट! पण हे सांगायला गावात कोण आलं? तलाठ्याला विचारलं तर तो म्हणाला माझ्याकडे काही आलेलं नाही. आणि खरं सांगू का, तुमच्या पेपरातही 'गावांवर टांगती तलवार' असंच हेडिंग होतं. राग मानू नका.

पश्चिम घाटावरच्या गाडगीळ समितीच्या अहवालाचं पण तेच झालं होतं. २०११ ला अहवाल दिला, त्यात ग्रामसभांना विचारा, लोकांच्या भाषेत न्या असं स्पष्ट लिहिलेलं होतं, आणि गावात काय पोचलं, तर गाडगीळ आले की तुम्हाला उठवणार. पोचवणारे कोण होते ते तुम्हीच शोधा.

आता दुसरी गोष्ट, ही जरा बरी आहे.

आमचं वरचं रान अजून आहे, चार एकर, पऱ्याच्या (ओढ्याच्या) कडेला. त्यात एक जुना बेहडा, तिघांनी हात धरले तरी कवेत येत नाही, मधे पोकळ. त्यात गरुडाचं घरटं आहे. गरुड म्हणजे तुमचा महाधनेश, गावात आम्ही गरुडच म्हणतो. मादी ढोलीत जाऊन आतून दार लिंपून घेते, फक्त चोच जाईल एवढी फट ठेवते आणि नर तीन-चार महिने तिला नि पिल्लाला फळं आणून भरवतो, उंबर, वडाची फळं, काय काय. तो नर मेला तर आत बसलेल्यांचं कठीण. लहानपणी आम्हाला त्याच्या पंखांच्या आवाजाची भीती वाटायची, वाफेच्या इंजिनासारखा आवाज येतो, खोटं नाही सांगत.

या बेहड्याला पण गिऱ्हाईक आलं होतं. पोकळ झाड फळीला चालत नाही, पण काट्यावर जळाऊ म्हणून वजन भरतं. या वेळी ते रान वाचलं ते माझ्यामुळे नाही. वाचलं शेजारच्या हद्दीतल्या एका रिटायर एसटी ड्रायव्हरमुळे. त्याने स्वतःचं रान आधीच ठेवलं होतं, कोणाचं ऐकून? तर त्याच्या सासुरवाडीत, बायकोच्या भावाने एका संस्थेबरोबर करार केला होता, रान तोडायचं नाही, त्याबद्दल मोबदला, आणि बेहड्याची फळं गोळा करून द्यायची. पुण्याची एईआरएफ ही संस्था आमच्या तालुक्यात कितीतरी वर्षं असे करार करते, ही बेहड्या-हिरड्याची फळं फेअरवाइल्ड सर्टिफिकेट (रान राखून गोळा केल्याचा दाखला) लावून बाहेरच्या औषधवाल्यांना जातात, त्रिफळा चूर्णाला लागतात. आता बघा, हा ड्रायव्हर कुठल्या कार्यशाळेला गेला नव्हता. मेहुण्याने सांगितलं, मेहुण्याच्या अंगणात सुकत पडलेली फळं बघितली, पैसे खरंच आले की नाही ते बायकोकडून कळलं, मग विश्वास बसला. त्याने मला सांगितलं. मी चुलतभावाला सांगितलं, तो हसला.

मग चुलतभावाच्या मुलीने, ती ठाण्याला कॉलेजला आहे, मे महिन्यात आली होती, तिने लांबून मोबाईलला कसली तरी लेन्स लावून गरुडाचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं 'आपल्या रानातला'. आपल्या हा शब्द तिने टाकला म्हणून की काय, पण ज्या ग्रुपवर फक्त गुड मॉर्निंग आणि वाढदिवस असतात तिथे ३४ रिप्लाय आले. ज्यांनी आयुष्यात ते रान बघितलं नाही असे दोघे जण सुट्टी काढून बघायला आले. त्या वर्षी ओटीवर विषय निघाला तेव्हा पहिल्यांदा कोणीतरी 'नको' म्हणालं, आणि ते मुंबईवाल्यानेच म्हटलं, म्हणून माझ्यावर 'एकटा खातो'चा आळ आला नाही. हे फार महत्त्वाचं आहे हो. गावात राहणारा नको म्हणाला तर तो स्वार्थी, मुंबईवाला म्हणाला तर तो शिकलेला.

पण सगळं गोडगोड नाही. सतरांपैकी दोघांनी आपला हिस्सा वेगळा करून मागितला, त्यांना गरज होती, एकाच्या मुलाचं ऑपरेशन होतं, त्याला मी कुठल्या तोंडाने गरुड दाखवू? एक एकर त्यांनी दिलं. आता तिथे गवत माजलंय आणि मागच्या मार्चमध्ये तिथून वणवा आमच्याकडे आला, कुंपणाला लागून असलेली जांभळी नि कुंभे होरपळले. म्हणजे शेजाऱ्याने तोडलं तर तुमचं नुसतं मनच चळत नाही, तुमचं रान पण सुकतं, जळतं, पऱ्या लवकर आटतो, आणि मग तुम्हालाच वाटायला लागतं की आता ठेवून तरी काय उपयोग. एकाने तोडलं की डोंगर उतरणीला लागतो तो असा. मग त्यावर काजू लावायचा, १९९० पासून रोजगार हमीत फळबागेला अनुदान मिळतं, वेंगुर्ला चार नि सात या काजूच्या जाती, सगळीकडे तेच. काजूला माझा विरोध नाही, माझा स्वतःचा आहे, पण काजूत गरुड राहत नाही आणि राबाला कवळ मिळत नाही.

२२ जुलै २०२१ आठवतो ना? चिपळूण बुडालं, दरड कोसळून तळीये गेलं, पोसरे गेलं. त्यानंतर वर्ष-दीड वर्ष आमच्या मुंबई मंडळाच्या मीटिंगमध्ये कोणी वाडीच्या डोक्यावरचं रान विकायचं नाव काढलं नाही. कोणी कायदा केला नव्हता. टीव्हीवर बघितलं, कोणाचे तरी नातेवाईक तिकडचे होते, बोलणं झालं, बस. भीती ओसरली तसा ठेकेदार परत आला.

देवरहाटीचं, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानाचं पण थोडक्यात सांगतो, कारण लोक म्हणतात जुनी माणसं देवाला भिऊन झाडं राखायची आणि आता भीती गेली. अर्धंच खरं आहे. देवरहाटीतलं वाळकं लाकूड उचलायचं तरी गावकीने बसायचं, गुरवाने कौल लावायचा, मानकऱ्यांनी हो म्हणायचं. एका माणसाच्या हातात काही नव्हतं, हीच तर खरी राखण होती! आता जीर्णोद्धाराची लाट आलीय, मुंबई मंडळ वर्गणी काढतं, कौलारू देऊळ पाडून स्लॅबचं, वर रंगीत कळस, गाडी दारापर्यंत जायला हवी म्हणून मधली झाडं जातात. शेजारच्या गावाचं देऊळ मोठं झालं की आपल्याला पण तेवढं हवं. आणि हे ठरवणारी माणसं तीच, ज्यांनी फोटो बघून आमचा बेहडा वाचवला. म्हणून मी मुंबईवाल्यांना शिव्या पण घालत नाही आणि आरत्या पण करत नाही.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं पण नाही. अमेरिकेत व्हर्मोंट राज्यात १९८५ पासून 'कव्हर्ट्स' म्हणून एक उपक्रम आहे, खाजगी रानाच्या मालकांना दोन-तीन दिवस फुकट शिकवतात, अट एकच, परत जाऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगायचं. सरकारी साहेबापेक्षा शेजारी बरा हे त्यांना चाळीस वर्षांपूर्वी कळलं. फिनलंडमध्ये निम्म्याहून जास्त जंगल घरगुती मालकांचं आहे, तिथे २००८ पासून 'मेत्सो' नावाची योजना आहे, मालकाने आपणहून रान राखायला द्यायचं आणि सरकारने त्याचा मोबदला भरायचा, जबरदस्ती नाही. आपल्याकडे जबरदस्ती कागदावर, मोबदला नाही, आणि शेजाऱ्याला कोणी विचारतच नाही. तिकडे सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात २०१३ पासून हायकोर्टाची तोडबंदी आहे, तिथली रानं जाऊन बघा रबर किती लागलंय ते.

म्हणून वनखात्याला आणि संस्थांना माझं सांगणं आहे, तुमच्या पेपरातून पोचलं तर बरं. बैठक जानेवारीत तालुक्याच्या हॉलमध्ये घेऊ नका, तिथे मालक नसतातच, तिथे सरपंच आणि फोटोग्राफर असतात. गणपतीत या, शिमग्यात पालखी घरोघर फिरते तेव्हा या, सगळे सहहिस्सेदार वर्षातून तेवढेच दोनदा एका जागी असतात. नाहीतर रविवारी लालबाग-परळला ग्रामस्थ मंडळांच्या मीटिंगा असतात तिथे जा, अर्धा तास मागून घ्या. ज्याने करार केलाय त्याला बरोबर आणा आणि त्यालाच बोलू द्या, तुम्ही गप्प बसा. पैसे किती नि कधी मिळाले ते त्याच्या तोंडून येऊ दे, उशिरा मिळाले असतील तर ते पण. आणि आतल्या घरात बसलेल्या बायकांना बाहेर बोलवा, संमतीपत्रावर त्यांच्या सह्या घेता ना, मग त्यांना विचारा पण, लाकूड-पाणी कोण आणतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. आणि जून महिन्यात उचल देणारा दुसरा कोणीतरी असू दे, सोसायटी असो बँक असो, बिनव्याजी नको, व्याज घ्या, पण वेळेवर द्या. ऑपरेशनवाल्या आमच्या भावाला तेवढे मिळाले असते तर ते एक एकर आज उभं असतं.

तुमच्याकडून एकच मागणं. दर पंधरा दिवसांनी एक छोटी चौकट छापा, खाजगी रानाचा कायदा काय आहे, शेड्यूलमधली, म्हणजे तोडायला परवानगी लागणारी झाडं कुठली, परवानगी कोणाकडे, इको सेन्सिटिव्ह गाव झालं तर काय करता येतं आणि काय नाही, साध्या भाषेत, मोबाईलवर फोटो काढून पाठवता येईल एवढी. ग्रुपवर टाकायचं काम आमचं. ती चुलतभावाची मुलगी आहेच.

हे लिहितोय तेवढ्यात तोच वाडीतला पोरगा येऊन गेला, काका पलीकडच्या वाडीपर्यंत रस्ता आलाय म्हणाला. चहा दिला. नाही म्हणून सांगितलं, पण यंदा ओटीवर काय होईल ते मला आज सांगता येणार नाही, अजून चौदा जण आहेत.

आपला,
एक सहहिस्सेदार,
ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी